हाड कुठे आहे? महाराष्ट्रातील डायनासोर आणि पुराव्याची कसोटी

१/
जळकोट हे धाराशिव जिल्ह्यातील, सोलापूर–हैदराबाद महामार्गावरचे गाव. तेथे विहीर खणू लागले की आधी काळी माती लागते, मग मुरूम, मग मांजऱ्या खडक आणि शेवटी सुरुंगालाही दाद न देणारा काळा पाषाण. याच मुरमातून कधी कधी कांद्यासारखे पापुद्रे सुटणारा वाटोळा गोटा वर येतो. मराठवाड्यात असा गोटा पूर्वी बांधावर टाकून देत. आता आधी त्याचे छायाचित्र निघते आणि त्याखाली ‘डायनासोरचे अंडे’ असे शब्द चिकटतात.

२/
असा दावा खरा की खोटा, हे कसे ठरवावे? डायनासोरची लांबी, वजन, आहार यांविषयी रोज नवे आकडे वाचायला मिळतात. त्यांतील कोणावर विश्वास ठेवावा? या प्रश्नांची उत्तरे शोधायला दूरदेशी जाण्याची गरज नाही. नागपूर, चंद्रपूर आणि जबलपूर येथे गेल्या दोनशे वर्षांत जे घडले, त्यातच ती आहेत. हा थ्रेड त्या इतिहासाचा.

३/
प्रथम जळकोटच्या गोट्याचा निकाल लावू. तेथील खडक म्हणजे थंड झालेला लाव्हा, अर्थात बेसॉल्ट. लाव्हा थंड होताना त्याला उभ्या-आडव्या भेगा पडतात आणि खडकाचे चौकोनी ठोकळे तयार होतात. भेगांतून झिरपणारे पाणी ठोकळ्याला सर्व बाजूंनी कुजवते. कोपऱ्यांवर दोन-तीन बाजूंनी मारा होत असल्याने ते आधी झिजतात, आणि ठोकळ्याचा गोटा होतो. पापुद्रे हे अंड्याचे कवच नसून कुजलेल्या खडकाचेच थर होत.

४/
मग या भागात डायनासोर नव्हतेच का? येथे घाईने उत्तर देता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर जळकोटपासून फार दूर नसलेल्या किल्लारी येथे संशोधनासाठी खोल छिद्र घेण्यात आले. सुमारे ३३८ मीटर बेसॉल्ट ओलांडल्यावर अवघा ८ मीटर जाडीचा गाळाचा थर लागला आणि त्याखाली अतिप्राचीन ग्रॅनाइटी खडक. तो ८ मीटरचा थर म्हणजे लाव्हा येण्यापूर्वीची मराठवाड्याची भूमी.

५/
दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे डायनासोर युगाच्या अखेरीचा. तो पसरण्यापूर्वी भारताच्या भूमीवर डायनासोर वावरत होते. त्यामुळे त्यांच्या काळची जमीन या भागात आहे, परंतु ती विहिरीच्या तळापासूनही कैक परस खाली गाडलेली आहे. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये क्वचित तळ्याचा गाळ सापडतो व त्यात जीवाश्म मिळू शकतात. म्हणूनच पहिला प्रश्न गोट्याच्या आकाराचा नसतो. तो कोणत्या खडकातून निघाला, हे आधी विचारावे लागते.

६/
ही पुरातन जमीन उघडी पडते ती लाव्ह्याच्या कडेला, म्हणजे विदर्भाच्या पूर्व भागात आणि नर्मदेच्या खोऱ्यात. जबलपूरजवळच्या लमेटा घाटावरून या गाळाच्या खडकांना ‘लमेटा’ हे नाव मिळाले. भारतातील, किंबहुना आशियातील डायनासोरच्या अभ्यासाचा आरंभ याच खडकांत झाला. तो आरंभ करणारा कोणी प्राध्यापक नव्हता. तो होता ठगांच्या बंदोबस्तासाठी इतिहासात प्रसिद्ध असलेला विल्यम स्लीमन.

७/
१८२८ मध्ये कॅप्टन स्लीमनला जबलपूरच्या बडा सिमला टेकडीपाशी दगड झालेली हाडे मिळाली. ‘डायनासोर’ हा शब्द तेव्हा अस्तित्वातच नव्हता. रिचर्ड ओवेनने तो पुढे १८४२ मध्ये घडवला. स्लीमनने हाडे डॉ. स्पिल्सबरी यांच्याकडे सोपवली आणि तेथून शेपटीचे दोन मणके कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेपकडे गेले. पुढे ब्राह्मी लिपी उलगडणारा प्रिन्सेप तो हाच. अशोकाचे शिलालेख आणि भारतातील पहिला डायनासोर एकाच अभ्यासकाच्या हाताखालून गेले, हा योगायोग मोठा विलक्षण.

८/
ओळख पटायला जवळपास अर्धे शतक लागले. १८७७ मध्ये रिचर्ड लिडेकरने जबलपूरच्या हाडांच्या आधारे ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. मणक्याच्या एका टोकाला खळगा आणि दुसऱ्या टोकाला गोळा, ही शेपटीच्या मणक्यांची रचना त्याला या प्राण्याचे खास लक्षण वाटली. त्या काळी उपलब्ध असलेल्या साहित्यावरून तसे वाटणे रास्तच होते.

९/
परंतु पुढील शतकात दक्षिण अमेरिकेपासून आफ्रिकेपर्यंत अशाच मणक्यांचे कितीतरी डायनासोर सापडले. जे एका प्राण्याचे लक्षण वाटले होते, ते संपूर्ण कुळाचे निघाले. २००३ मध्ये जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च यांनी मूळ नमुन्यांची फेरतपासणी करून ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव संदिग्ध ठरवले. कुळाचे ‘टायटॅनोसॉर’ हे नाव मात्र टिकले. आजही एखाद्या ठिकाणी ‘टायटॅनोसॉरस’ या एकाच प्राण्याची लांबी-वजने निःशंकपणे दिलेली दिसली, तर ती माहिती जुनी आहे असे समजावे.

१०/
आता नागपूर. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये येथे आला. हिस्लॉप महाविद्यालयाला त्याचेच नाव आहे. धर्मप्रसार आणि शिक्षण हे त्याचे काम, तर खडक व जीवाश्म हा त्याचा छंद. सहकारी रॉबर्ट हंटर याच्यासह त्याने नागपूर परिसराच्या भूशास्त्रावर लिहिलेले लेख लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात छापून आले. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा हे गाव आहे. तेथील हाडांकडे अभ्यासकांचे लक्ष प्रथम त्याच्यामुळेच गेले.

११/
१८६३ च्या सप्टेंबरमध्ये प्राचीन दफनस्थळांच्या पाहणीहून परतताना पूर आलेल्या नाल्यात बुडून हिस्लॉपचा मृत्यू झाला. तरी त्याचे संशोधन त्याच्यासोबत बुडाले नाही. याचे कारण साधे आहे. कोणती वस्तू कोणत्या गावी, कोणत्या थरात मिळाली हे तो लिहून ठेवत असे, आणि नमुने तज्ज्ञांकडे पाठवत असे. आजच्या भाषेत हिस्लॉप ‘हौशी’ होता. त्याच्या नोंदींचा आधार नंतरच्या व्यावसायिक भूशास्त्रज्ञांनी घेतला.

१२/
पिसदुऱ्याच्याच परिसरात डोंगरगाव आहे. १९८० च्या दशकात तेथे कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या अभ्यासकांनी एका टायटॅनोसॉरचा सांगाडा खणून काढला. सोहन लाल जैन आणि शाश्वती बंदोपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. वर उल्लेखिलेल्या २००३ च्या फेरतपासणीत त्याला ‘आयसीसॉरस कोलबर्टी’ हे नवे नाव मिळाले. नावातला ‘आयसी’ हा भाग संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांतून आला आहे. महाराष्ट्राच्या मातीतून निघालेला हा सर्वांत महत्त्वाचा डायनासोर होय.

१३/
आयसीसॉरस किती मोठा होता? पुष्कळ ठिकाणी उत्तर मिळते: लांबी १८ मीटर, वजन १४-१५ टन. म्हणजे एसटीच्या दीड गाडीएवढी लांबी आणि तीन नर हत्तींएवढे वजन. हा आकडा खोटा नाही, पण तो मोजलेलाही नाही. डोंगरगावच्या सांगाड्यात मान, पाठ, कंबर आणि शेपटीचे मणके आहेत, पुढच्या पायाची हाडे आहेत. कवटी नाही. मागचे पाय नाहीत.

१४/
जे हाड नाही त्याची जागा नात्यातील दुसऱ्या प्राण्यावरून भरून काढावी लागते. कोणाचा नमुना घ्यायचा, यावर एकूण लांबी कमी-अधिक होते. वजनाचे तर याहून कठीण. चार पायांवर चालणाऱ्या प्राण्याचे वजन काढण्याची एक प्रचलित पद्धत दंडाच्या व मांडीच्या हाडांच्या परिघावर आधारलेली आहे. ज्या हाडावर भार अधिक, ते हाड जाड, असे तिचे सूत्र. आयसीसॉरसच्या बाबतीत मांडीचे हाडच उपलब्ध नाही.

१५/
दुसरी पद्धत म्हणजे पूर्ण शरीराची प्रतिकृती करून तिच्या घनफळावरून वजन काढणे. येथे शरीररचनेचे ज्ञान कामाला येते. लांब मानेच्या या प्राण्यांचे मणके भरीव नसत. पक्ष्यांप्रमाणे त्यांत हवेच्या पोकळ्या असत. त्यामुळे इतकी लांब मान उचलून धरणे शक्य होई. या पोकळ्या विचारात न घेता केलेला हिशोब प्राण्याला फुगवून टाकतो. म्हणून वजनाचा एकच ठाम आकडा देणाऱ्यापेक्षा ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असे सांगणारा स्रोत अधिक भरवशाचा.

१६/
असेच मांसाहारी ‘राजासॉरस’चे. गुजरातेत बालासिनोरजवळच्या रहिओली येथील हाडांवरून २००३ मध्ये या प्राण्याचे नामकरण झाले. एका प्रसिद्ध मार्गदर्शक पुस्तकात त्याची लांबी ११ मीटर दिली आहे. पुढे त्याच्या कुळातील अधिक पूर्ण सांगाड्यांशी तुलना करून ती सुमारे ६.६ मीटर असल्याचा अंदाज मांडला गेला. हाडे तीच होती. तुलनेसाठी घेतलेले प्राणी बदलले आणि चार मीटर गळाले.

१७/
आता आहाराकडे वळू. टायटॅनोसॉरचे दात बारीक, पेन्सिलीसारखे. फांदीवरचा पाला ओरबाडायला ते पुरेसे होते, पण चावून बारीक करायला निरुपयोगी. दळण्याचे काम पोटातच होई. प्रचंड धडात पाला दीर्घकाळ आंबत राही. देहाचा आकार आणि आहार हे असे एकमेकांत गुंतलेले आहेत. परंतु तो पाला नेमका कशाचा, हे दातांवरून कळत नाही. त्यासाठी पुन्हा पिसदुऱ्याला जावे लागते.

१८/
पिसदुऱ्याच्या शेतांत हाडांबरोबर दगड झालेली विष्ठाही मोठ्या प्रमाणात मिळते. शास्त्रीय परिभाषेत तिला विष्ठाश्म म्हणतात. चार्ल्स मॅटली या ब्रिटिश अभ्यासकाने १९३९ मध्ये तिच्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. पुढे नागपूरचे भूशास्त्रज्ञ धनंजय मोहबे यांनीही तिचा अभ्यास केला. सोबत टायटॅनोसॉरची हाडे सापडत असल्याने त्यांतील मोठे विष्ठाश्म त्यांचे असावेत, असा तर्क मांडला गेला.

१९/
२००५ मध्ये वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलिमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोध जाहीर केला. पिसदुऱ्याच्या विष्ठाश्मांत त्यांना वनस्पतींच्या पेशींत तयार होणारे सिलिकेचे सूक्ष्म कण मिळाले. हे कण वनस्पतीगणिक वेगळ्या आकाराचे असतात. त्यांत ताड-माडाच्या कुळातील, सूचिपर्णी व इतर वृक्षांचे कण होते, आणि गवताच्या निदान पाच प्रकारांचेही.

२०/
याचे महत्त्व मोठे होते. डायनासोरच्या चित्रात गवत काढणे ही तोवर ढोबळ चूक समजली जाई, कारण गवताचे विविध प्रकार डायनासोर नष्ट झाल्यावर उत्क्रांत झाले असे मानले जात होते. वरोरा तालुक्यातल्या एका खेड्याने तो समज मोडला. २०११ मध्ये याच दिशेच्या अभ्यासातून भाताच्या गटातील गवताचे मूळही त्या काळापर्यंत मागे नेण्यात आले.

२१/
मात्र या शोधाचा पुढचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. ‘गवताचे कण मिळाले’ याचे अनेक ठिकाणी ‘डायनासोर गवतावर जगत’ असे झाले. मूळ संशोधनात तसे नाही. तेथे गवत हा संमिश्र आहाराचा एक भाग आहे. शिवाय विष्ठा कोणाची, हा शेवटी जवळ सापडलेल्या हाडांवरून काढलेला निष्कर्ष आहे. कण डोळ्यांनी पाहिलेले आहेत, तर प्राण्याचे नाव तर्काने जोडलेले आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणारा लेखक वाचनीय समजावा.

२२/
आता दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहू. पहिली तमिळनाडूची. कल्लमेडू येथील प्रचंड हाडांवरून पी. यादगिरी आणि के. अय्यासामी यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘बृहत्कायोसॉरस’ हे नाव दिले. त्यातील नडगीचे हाड २ मीटर लांब असल्याची नोंद आहे. प्रथम हा प्राणी मांसाहारी समजला गेला. नंतर तो लांब मानेचा शाकाहारी असावा असे मत पुढे आले. मग १०० टनांच्या पलीकडचे आकडे फिरू लागले आणि ‘जगातील सर्वांत मोठा डायनासोर भारतीय’ असे मथळे झळकले.

२३/
पण ही हाडे आज अस्तित्वात नाहीत. ठिसूळ झालेली ती भुगा होऊन गेली. उरली ती वर्णने, काही रेखाटने आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेली जुनी छायाचित्रे. ते हाड नसून दगड झालेले झाडाचे खोड होते का, अशी शंकाही मधल्या काळात घेतली गेली. छायाचित्रांनी तिला बरेच उत्तर दिले असले, तरी परिघ पुन्हा मोजता येत नाही. दावा तज्ज्ञांचा होता, नियतकालिकात छापलेला होता. तरीही त्याची फेरतपासणी आता कोणालाच करता येणार नाही.

२४/
दुसरी गोष्ट गुजरातेतल्या धोली डुंगरीची. १९८० च्या दशकात मोहबे यांना तेथे अंडी आणि नवजात पिलाची हाडे एकाच दगडात मिळाली. १९८७ मध्ये त्यांनी सर्व हाडे डायनासोरच्या पिलाची म्हणून प्रसिद्ध केली. २००१ मध्ये विल्सन यांनी तो दगड पाहिला, तेव्हा त्यांतील काही मणके सापाचे असल्याचे त्यांच्या ध्यानी आले. २०१० मध्ये मोहबे, विल्सन आणि सहकाऱ्यांनी मिळून ‘सनाजेह इंडिकस’ या सुमारे साडेतीन मीटर लांबीच्या सापाचे वर्णन केले. डायनासोरच्या घरट्यात, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घातलेला तो साप होता.

२५/
येथे पहिला निष्कर्ष अपुरा होता, तरी विज्ञानाचे नुकसान झाले नाही. दगड जपलेला होता, म्हणून दुसऱ्या डोळ्यांना तो पुन्हा पाहता आला. पहिल्या संशोधकानेच दुरुस्तीत सहभाग घेतला. स्लीमनच्या हाडांचेही असेच झाले. बराच काळ बेपत्ता मानला गेलेला त्यातील एक मणका २०१२ मध्ये कोलकात्याच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात ओळखला गेला. १८२८ मध्ये उचललेल्या हाडावर एकविसाव्या शतकात पुन्हा प्रश्न विचारता येतात, ते ते कपाटात राहिले म्हणून.

२६/
म्हणजे स्रोत पारखताना ‘लिहिणारा हौशी की पदवीधर’ हा प्रश्न पुरत नाही. हिस्लॉप हौशी होता आणि विश्वसनीय होता. बृहत्कायोसॉरसचे लेखक तज्ज्ञ होते आणि त्यांचा पुरावा हातातून निसटला. त्याऐवजी चार गोष्टी पाहाव्यात. आकडा कोणत्या हाडावरून काढला? ते हाड आज कोठे आहे? नसलेले भाग कोणत्या प्राण्यावरून भरले? आणि लेखक अंदाजाची मर्यादा सांगतो का?

२७/
आज महाजालावर सांगाड्यांची रेखाटने करणारे, मापांचे तक्ते तयार करणारे असंख्य हौशी अभ्यासक आहेत. त्यांतील जे मिळालेली हाडे एका रंगात आणि तर्काने भरलेली दुसऱ्या रंगात दाखवतात, चूक कळल्यावर जुना आकडा बदलून तसे नमूद करतात, ते हिस्लॉपचे वारसदार. जे केवळ ‘सर्वांत मोठा’ एवढेच सांगतात आणि हाडाचा पत्ता देत नाहीत, त्यांचे चित्र सुंदर असू शकते. माहिती म्हणून ते पुढे पाठवू नये.

२८/
या साऱ्याचा जळकोटशी संबंध काय? उद्या मराठवाड्यात एखाद्या विहिरीत, लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळात, खरोखरच हाडासारखे काही दिसेल. ते पाहणारा पहिला माणूस भूशास्त्रज्ञ नसेल. तो विहिरीवरचा मजूर असेल, शेतकरी असेल किंवा सुट्टीत गावी आलेला विद्यार्थी असेल. त्या वस्तूचे पुढे काय होणार, हे पहिल्या तासात त्याने काय केले यावर ठरेल.

२९/
फोडून पाहिले, तुकडे वाटून घेतले, तर तिचे बृहत्कायोसॉरस होईल. ती जागीच ठेवली, शेजारी पट्टी ठेवून छायाचित्र घेतले, गट क्रमांक, खोली आणि खडकाचा रंग वहीत उतरवला आणि नागपूरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला कळवले, तर ती वस्तू डायनासोरची निघो वा न निघो, तिच्याबद्दल खरे काय ते कळू शकेल.

३०/
आणि तो कांद्यासारखा गोटा? तोही अगदीच टाकाऊ नाही. ज्या लाव्ह्याने आठ मीटर गाळाची ती जुनी भूमी झाकली, त्याचाच तो तुकडा. त्याला अंडे म्हणण्याची गरज नाही. ‘जळकोट, विहीर, इतक्या फुटांवर, मुरमातून’ एवढी नोंद करून तो शाळेच्या कपाटात ठेवला, तर गावातील मुलांना खडक कसा कुजतो हे हातात धरून शिकता येईल.

थ्रेड समाप्त.